अर्धा फोन

दर तिमाहीला मी येते
किसुमूबाहेर, सरोवराकाठच्या या वस्तीत.
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब,
यादीतून चिठ्ठीनं निघालेली बावीस घरं.
गेल्या सात दिवसांत साबणावर किती?
पिठावर? रॉकेलवर? फोनवरच्या बोलण्यावर?
लोक आधी हसतात, मग पत्र्याकडे बघतात,
मग चारचौघांत शोभेल असा आकडा सांगतात.
घरी नवऱ्याला मीही असाच सांगते.

सतरा नंबरला आपियो.
जाळीवर ओमेना वाळत घालते,
बोटाच्या पेराएवढी चंदेरी मासळी.
बोलताना तिचे हात थांबत नाहीत.
घरात फोन किती?
"अर्धा."
म्हटलं, बाई, पूर्ण आकडा लागतो,
हा रकाना अपूर्णांक घेत नाही.
"मग रकाना बदल.
सोम ते बुध माझ्याकडे,
गुरुवारपासून आदोंगोकडे,
रविवारी चर्चमध्ये बंद, म्हणजे कुणाचाच नाही."
आदोंगो म्हणजे तिच्यामागून अर्ध्या तासानं
जगात आलेली जुळी बहीण.
मी एक लिहिला.

चिठ्ठीचं नशीब बघा,
एकतीस नंबरला आदोंगोच निघाली.
फोन? "आहे की!"
आणि लेसोच्या गाठीतून काढून दाखवला:
तोच, फुटक्या काचेचा,
लाल दोऱ्यानं आवळलेला.
तिथंही एक लिहिला.
नैरोबीहून मुटिसो म्हणाला, बरोबर आहे,
आपण वापर मोजतो, मालकी नाही.
असे एका फोनाचे दोन झाले
आणि वर कुठल्याशा तक्त्यात
तंत्रज्ञान केसभर पुढं सरकलं.

शाळेत बेरीज करताना
हातचा एक मी बोट मुडपून धरायचे,
नाहीतर विसरायचा.
या टॅबला बोटं नाहीत.

चौथ्या फेरीला दोघींकडे शून्य.
होडीतून टोपल्या उतरवताना फोन पाण्यात गेला.
"सरोवरालाही कुणाशी बोलायचं असेल,"
आदोंगो म्हणाली, आणि पुढच्या टोपलीकडे वळली.
पण बोलण्यावरचा खर्च
दोघींचा वीस-वीस शिलिंग, जसाच्या तसा.
टॅब लालेलाल: विसंगती.
रात्री मुटिसो: फोनच नाही तर वीस शिलिंग कसले?
दुरुस्त कर.

कसले? विचारायला परत गेले, भर उन्हात.
बर्फ विकणाऱ्या ओलांगच्या फोनात
दोघी पैसे भरतात,
आणि बुसियाच्या बाजारातला भाव विचारून घेतात.
नाहीतर दलाल दिवसाढवळ्या नागवतो.
"भाव कळायला फोन कशाला हवा गं?
बोलणं हवं."
हे मी शेऱ्यात लिहायला घेतलं.
शेऱ्याला साठ अक्षरांची मर्यादा.
दलालापाशी येऊन वाक्य तुटलं.

मग अहवाल आला. हॉटेलात बैठक,
चहा, समोसे, भिंतीवर प्रकाशाचा चौकोन,
त्यात डावीकडून उजवीकडे चढत गेलेली रेघ.
टाय लावलेला माणूस म्हणाला, ग्राहकाचा कल स्पष्ट आहे.
मी हातातल्या कागदावर चौथी तिमाही शोधली.
तिथं एक बारीकसा खळगा होता.
किंवा शाईच तेवढी कमी पडली असेल.

पाचव्या फेरीला मला लांबून बघताच आपियोनं हाक मारली,
"लिही! आता चतकोर!"
चौघींनी वर्गणी काढून नवा घेतलाय,
वार वाटून झालेत, भांडणंही.
आकडा तोच, एक.
"कुठं लिहितेस, दाखव तरी,"
म्हणत तिनं ओलं बोट काचेवर टेकवलं.
बोट उचललं, तर मागं एक खवलं राहिलं,
नेमकं एकाच्या आधी,
दशांशचिन्हासारखं.

क्षणभर तो आकडा
खरा होण्याच्या बेतात होता.
मग मी बाहीनं काच पुसली.
ओल्या काचेवर
'पुढे' हे बटण दाबलं जात नाही.